बेटिकसारखं काहीतरी खान्देशात पाहिजे

डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसले की काय होतं ते बघायचं असेल तर बेटिक बघा, म्हणजे दवाखान्यात लागणारी उपकरणं तयार करणारं केंद्र. २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत सुरू झालं, राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने, आणि मेकॅनिकलचे प्राध्यापक बी. रवी यांनी ते मुंबईपुरतं ठेवलंच नाही, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ही इंजिनिअरिंग कॉलेजं पण सोबत घेतली. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. आधी डॉक्टरची अडचण समजून घ्यायची, मग डिझाइन, प्रोटोटाइप, टेस्टिंग. त्यातूनच साध्या स्टेथोस्कोपला जोडायचं आयुसिंक आलं, हृदयाचे ठोके मोठ्याने ऐकवतं आणि मोबाईलवर रेकॉर्ड पण होतात.

मग आपल्याकडे का नको भो? जळगाव, धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), मे महिन्यातलं ऊन, मधेच जाणारी लाईट, यात टिकेल असं मशीन एसी लॅबमध्ये बसून नाही सुचणार. फक्त दोन्हीकडच्या लोकांना एकत्र आणणारा एखादा खमका प्राध्यापक आणि एखादा डॉक्टर पाहिजे, जो पोरांना वॉर्डात येऊ देईल. फायनल इयरच्या पोरांनो, प्रोजेक्टचा विषय नेटवर शोधण्याआधी एकदा परवानगी काढून सिव्हिलच्या ओपीडीत बसून बघा.