मुहूर्ताची कँडल आणि माझी सत्रांची फाइल

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

ताई यायला अजून तासभर होता, म्हणून लॅपटॉप उघडला. निफ्टीचा पाच मिनिटांचा चार्ट (दर पाच मिनिटांच्या भावांची एक कँडल) लावला आणि सीपीआर, म्हणजे आदल्या दिवसाच्या हाय, लो, क्लोजवरून काढलेल्या तीन रेषा, बघून थबकलोच. तिन्ही रेषा एकमेकींना चिकटलेल्या. एवढा अरुंद सीपीआर दिसला की आपण चार्टवाले सगळे आज एकतर्फी चाल येणार असं धरून चालतो. पण याचं कारण बाजारात नव्हतं. सॉफ्टवेअरनं आदला दिवस म्हणून २१ तारीख घेतली होती. २२ ला पाडव्याची सुट्टी, आणि २१ ला लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त ट्रेडिंग, दुपारी १:४५ ते २:४५. एका तासाचा हाय, एका तासाचा लो, त्यावर काढलेला पिव्हट. रेषा चिकटणारच.

गेल्या वर्षी असं का दिसलं नाही, हा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. रात्री उत्तर सापडलं. ॲमिब्रोकर या माझ्या चार्टच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेस सेटिंगमध्ये मी फक्त ट्रेडिंगच्या वेळेतला डेटा दाखवायचा पर्याय लावून ठेवलाय, ९:१५ ते ३:३०. २०२४ चा मुहूर्त १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ ते ७ होता, तो त्या चाळणीत वरच राहिला. यंदाचा मुहूर्त दुपारी, नेहमीच्या वेळेच्या पोटात आला आणि सरळ खाली उतरला. सेटिंग तेच आणि निकाल उलटे. बरं, गेल्या वर्षीचा निकालही बरोबर म्हणता येत नाही. १ नोव्हेंबर २०२४ हा दिवस माझ्या दैनिक चार्टवर आहे आणि इंट्राडेतून, म्हणजे पाच मिनिटांच्या चार्टवरून, अख्खा गायब आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज कंपनीला सुट्टी होती, म्हणून मोजणीच करून टाकली. एनएसईचं (राष्ट्रीय शेअर बाजाराचं) नेहमीचं सत्र ३७५ मिनिटांचं, म्हणजे पाच मिनिटांच्या ७५ कँडल. (आपल्याकडे ७५ मिनिटांची टाइमफ्रेम एवढी का चालते तेही यातच आहे. दिवसाच्या नेमक्या पाच कँडल होतात. तासाच्या कँडल लावल्या तर शेवटची पंधरा मिनिटांची तुटकी उरते.) पाच वर्षांच्या डेटातला प्रत्येक दिवस मोजला आणि जिथे ७५ आल्या नाहीत ते दिवस वेगळे काढले. हे काम आधीच करायला हवं होतं, एवढं त्यातून शिकायला मिळालं.

२४ फेब्रुवारी २०२१ ला माझ्याकडे २९ कँडल. त्या दिवशी एनएसईवरचे व्यवहार ११:४० ला थांबले होते आणि बाजार परत उघडला ३:४५ ला, तो ५ वाजेपर्यंत चालला. दुसऱ्या भागाच्या १५ कँडल माझ्या ३:३० च्या कुंपणाबाहेर राहिल्या. म्हणजे त्या दिवसाचा क्लोज म्हणून मी इतकी वर्षं ११:४० चा भाव वापरत होतो. त्यावर बॅकटेस्टही (जुन्या डेटावर नियमांची चाचणी) केल्या.

२ मार्च २०२४, शनिवार. पर्यायी केंद्रावरून व्यवहार चालवून बघण्यासाठी ठेवलेलं विशेष सत्र, ९:१५ ते १० आणि ११:३० ते १२:३०. यायला हव्यात २१, माझ्याकडे शून्य. कारण शनिवार-रविवार गाळण्याच्या चौकटीत मी टिक करून ठेवली होती. त्याच टिकेनं २० जानेवारी २०२४ चा शनिवार गेला, आणि तेव्हा पूर्ण दिवस बाजार चालला होता. पुढच्या सोमवारी, २२ ला, अयोध्येच्या सोहळ्याची सुट्टी. बजेटचा १ फेब्रुवारी २०२५ हा शनिवारही गेला. बजेटच्या दिवसाची हालचाल बघायची म्हणून जो डेटा गोळा करतो, त्यात बजेटचाच दिवस नाही.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते २८ जून २०२३ चं. बकरी ईदची सुट्टी आधी २८ ला जाहीर झाली होती, ती नंतर २९ वर गेली. माझी सुट्ट्यांची यादी जानेवारीत उतरवलेली. ती लावून मी डेटा 'स्वच्छ' केला आणि निफ्टीनं पहिल्यांदा १९,००० गाठले तो दिवस स्वतःच्या हातानं पुसून टाकला.

२६ ऑक्टोबर

नुसत्या सुट्ट्यांची यादी ठेवण्यात अर्थ नाही, या मतावर मी आलोय. सोमवार ते शुक्रवार चालू, यादीतल्या तारखा वजा, हा हिशेब दोन्ही बाजूंनी फसतो. सुट्टीची तारीख हलते, शनिवारी बाजार भरतो, एका दिवसात दोन सत्रं होतात. म्हणून उलट केलं. ज्या दिवशी बाजार भरला त्या प्रत्येक दिवसाची ओळ लिहायची. वर्षाला साधारण २५० ओळी, काही फार नाहीत. रकाने पाचच: तारीख, गट (कुठला बाजार), सुरुवात, शेवट, प्रकार. दोन सत्रं असली तर त्या तारखेच्या दोन ओळी. प्रकारात 'पूर्ण', 'मुहूर्त', 'विशेष' आणि 'खंडित'. नेहमीच्या ओळी स्प्रेडशीटमध्ये खाली ओढून भरल्या, उरलेल्या एकेक परिपत्रक बघून हातानं.

डेटाबेसमधली चाळणी पूर्ण काढली. आता चोवीस तासांचा डेटा आहे तसा आत राहतो आणि काय दाखवायचं ते माझी फाइल ठरवते. एएफएल या ॲमिब्रोकरच्या भाषेतून साधी टेक्स्ट फाइल वाचता येते, फक्त प्रत्येक रिफ्रेशला वाचू देऊ नका, चार्ट अडखळतो. एकदा वाचून स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवा. तारीख जुळवताना मी तासभर चुकत होतो. डेटनम या तिच्यातल्या तारखेच्या आकड्यात वर्षातून १९०० वजा होतात, त्यामुळे १ फेब्रुवारी २०२५ हा १२५०२०१ असा येतो.

मुहूर्ताचं करायचं काय, यावर आपल्यात मतं वेगळी आहेत हे ठाऊक आहे. काही जण ती कँडल सरळ उडवतात. मला ते पटत नाही. त्या तासात खरे सौदे झाले, खरा क्लोज निघाला, आणि २३ ला बाजार किती गॅपनं उघडला ते त्या क्लोजवरूनच मोजायला हवं. साप्ताहिक कँडलमध्येही तो तास राहिला पाहिजे. पण पिव्हट, सीपीआर, एटीआर (भावाच्या चढउताराची सरासरी) आणि सरासरी व्हॉल्यूम यांना अख्ख्या दिवसाची रुंदी लागते, तिथे मी शेवटचं 'पूर्ण' सत्र घेतो. २३ साठी सीपीआर २० तारखेच्या हाय, लो, क्लोजवरून काढला आणि रेषा नेहमीसारख्या सुट्या झाल्या. 'खंडित' दिवसांचं मात्र प्रत्येक वेळी वेगळं ठरवावं लागतं, तिथे सरसकट नियम मी केलेला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

निफाडचे मामा आले होते. चार्ट बघून म्हणाले, "भाऊ, यात आपल्या कांद्याचा भाव नाही का दिसणार?" म्हटलं, "मामा, का नाही दिसणार, बसवून देतो."

लासलगावचे रोजचे आकडे चार असतात: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. किमान म्हणजे लो, कमाल म्हणजे हाय, सर्वसाधारण म्हणजे क्लोज, आवक गेली व्हॉल्यूमच्या जागी. ओपन नाही, म्हणून कँडलऐवजी बार लावले. सत्राची वेळ लागतच नाही, दिवसाला एक नोंद. पण सुट्ट्या वेगळ्याच. रविवार आहे, दिवाळीत सलग काही दिवस बंद असतं, आणि अमावास्येला लिलाव न करण्याची जुनी रीत होती. माझ्या शेअरच्या फाइलमधली एकही ओळ इथे चालली नाही, गट नवा करावा लागला.

मामांनी एक गोष्ट चार्ट बघता बघता पकडली. "हे ऑगस्टातलं काय दाखवतोस? तेव्हा तर बंद होता ना." २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस थांबले, त्याबद्दल ते बोलत होते. चार्टनं ते रिकामे दिवस गिळून अलीकडचा आणि पलीकडचा बार शेजारी शेजारी आणून ठेवले होते. शेअर बाजाराच्या सुट्टीला तेच बरोबर आहे. बंद पडलेल्या लिलावाला नाही. त्या दिवसांत कांदाचाळीतला कांदा वजनाला कमी होत असतो, ट्रॅक्टर उभे असतात, आणि दोन बारांमध्ये तेवढं अंतर दिसायला पाहिजे. म्हणून 'लिलाव बंद' हा प्रकार वेगळा केला. त्या तारखांना आदल्या दिवसाचाच दर, आवक शून्य, रंग राखाडी. मामा बराच वेळ त्या राखाडी पट्ट्याकडे बघत बसले.

३ नोव्हेंबर, रात्र

एमसीएक्सचा, म्हणजे सोनं-चांदीसारख्या वस्तूंच्या वायदे बाजाराचा, गट आज पूर्ण झाला. अमेरिकेत घड्याळ मागे जातं ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे यंदा कालच. त्यामुळे आपल्याकडे सोनं-चांदी आजपासून ११:३० ऐवजी रात्री ११:५५ पर्यंत चालू. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर परत ११:३०. ९ ते ११:३० मध्ये १७४ कँडल होतात, ११:५५ पर्यंत १७९. फाइलमध्ये आजच्या तारखेपासून शेवटचा रकाना बदलला आणि मुद्दाम जागा राहिलो. साडेअकरानंतर चांदीच्या पाच कँडल एकामागून एक उमटल्या. मोजणी १७९.

सातपूरहून घरी यायला मला सहा वाजतात, शेअर बाजार तोवर बंद झालेला असतो. माझा खरा अभ्यास या संध्याकाळच्या सत्राचाच, म्हणून या गटावर एवढा जीव टाकला.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुरुनानक जयंती. एनएसई पूर्ण बंद. एमसीएक्स सकाळी बंद आणि संध्याकाळी ५ पासून चालू. नुसती सुट्ट्यांची यादी अशा अर्ध्या दिवशी हमखास चुकते. माझ्या फाइलमध्ये आजची ओळ ५ ते ११:५५, अपेक्षित कँडल ८३.

त्रिपुरी पौर्णिमा म्हणून घरच्यांबरोबर रामकुंडावर दिवे सोडायला गेलो होतो, साडेनऊला परतलो. चार्ट उघडला तेव्हा पहिली कँडल बरोबर पाचवर होती, सकाळचा पट्टा कोरा. आत्ता ११:५८ झालेत. मोजणी ८३ आली. फाइलची एक प्रत आता पेनड्राइव्हवर टाकतोय, उद्या मामांना कांद्याचा भाग पाठवायचाय.