नवा लॅपटॉप आला, जुन्या मेल आल्याच नाहीत – माझा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा नव्हता, म्हणून ऑफिसने नवा लॅपटॉप दिला. लॉगिन, वायफाय, बुकमार्क, प्रिंटर हे सगळं जेवणाच्या सुट्टीआधीच उरकलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते मेलपाशी, आणि अजून आठवलं तरी राग येतो.

आउटलुक उघडलं तर इनबॉक्समध्ये गेल्या १४ दिवसांच्याच मेल. सेंट आयटम्स रिकामं. ग्राहकांच्या नावाने केलेले फोल्डर एकही नाहीत. कोणी कधी मंजुरी दिली, कोणता दर ठरला होता, याचा माझ्याकडचा सगळा पुरावा त्या फोल्डरमध्ये होता. आयटी विभागाकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलं. उत्तर आलं, ‘मेल येत-जात आहे, तिकीट बंद करत आहोत.’ मी ते पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. दरवेळी माणूस नवा, आणि आधीचं कोणी वाचलेलं नसायचं, त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. शेवटी एकाने लिहिलं, ‘सर्व्हरवर जे होतं ते सगळं आलंय.’ ते खरं होतं, आणि नेमकं दुखणंही तेच होतं.

माझं मेलचं खातं पॉप पद्धतीचं होतं. पॉप, आयमॅप, एक्स्चेंज या सर्व्हरवरच्या मेल आपल्यापर्यंत आणायच्या वेगवेगळ्या पद्धती. आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर मेल सर्व्हरवर राहतात आणि नव्या लॅपटॉपवर आपोआप उतरतात. पॉपमध्ये त्या आपल्या मशीनवर उतरतात, आणि सर्व्हरवरची प्रत ठरावीक दिवसांनी काढली जाते. आमच्याकडे ती मुदत १४ दिवसांची होती. पाठवलेल्या मेल आणि स्वतः केलेले फोल्डर तर सर्व्हरवर नसतातच. सगळं जुन्या लॅपटॉपवरच्या एका पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुक मेल साठवतं त्या फाइलमध्ये, असतं. आणि तो लॅपटॉप फॉरमॅट करायचाय, आजच जमा करा, असे फोन त्याच विभागाकडून येत होते.

मी दिला नाही. ‘जुन्या मेल नव्या लॅपटॉपवर उघडून बघितल्याशिवाय जुना जमा करणार नाही’ असं तिकिटावर लिहिलं आणि साहेबांना कॉपीत ठेवलं. ते फार बरं केलं. तुमच्यावर ही वेळ आली तर फोनवर वाद घालू नका, लेखी द्या. आणि तिकीट टाकताना ‘मेल दिसत नाही’ असं लिहू नका, ‘जुनी पीएसटी फाइल नव्या मशीनवर जोडून हवी आहे’ असं लिहा. पहिल्या वाक्यावर तिकीट बंद होतं, दुसऱ्यावर काम करावं लागतं.

फाइल सापडली ती डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये. (आउटलुक चालू असताना ती कॉपी होत नाही, आधी बंद करा.) पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर ‘फाइल खूप मोठी आहे’. पेनड्राइव्ह जवळपास रिकामा होता! आयटीवाले म्हणाले, ‘पेनड्राइव्ह खराब असेल, दुसरा आणा.’ दुसऱ्यावरही तेच. पेनड्राइव्ह दोन्ही धडधाकट होते. ते एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले होते, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर फाइल निमूटपणे गेली. फॉरमॅट केल्यावर पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, एवढं लक्षात ठेवा.

फाइल पेनड्राइव्हवरूनच उघडू नका, नव्या लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवून घ्या. वनड्राइव्ह ज्या फोल्डरची प्रत ठेवतो त्यातही नको, एवढी मोठी सतत बदलणारी फाइल सिंक होताना अडकते. मग आउटलुकच्या फाइल मेनूत ‘ओपन’मधून डेटा फाइल निवडायची. डाव्या बाजूला माझे फोल्डर एकाखाली एक उमटले तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून मोठा श्वास घेतला. शोध मात्र लगेच चालत नाही. इंडेक्स, म्हणजे शोधासाठी आउटलुक वापरतं ती सूची, तयार होईपर्यंत जुनी मेल शोधून सापडली नाही तर घाबरू नका.

हो, एक राहिलं. मेलखालची सही आणि एक्सेलचे स्वतःचे मॅक्रो (तीच कामं आपोआप करून घ्यायला साठवलेल्या सूचना) पीएसटीत नसतात. दोन्ही अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, मायक्रोसॉफ्टच्या नावाखाली: सही ‘सिग्नेचर्स’मध्ये, मॅक्रोची ‘पर्सनल’ नावाची फाइल एक्सेलच्या ‘एक्सएलस्टार्ट’मध्ये. नुसतं डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी करून ही येत नाहीत. मला महिनाअखेरच्या अहवालाचा मॅक्रो मिळाला, कारण जुना लॅपटॉप तेव्हाही माझ्याच टेबलावर होता. तो जमा केला तो अहवाल पाठवून झाल्यावरच.