शिरोलीबाहेर मला ओळखणारे लोक कसे मिळाले – माझा अनुभव

२२ वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून कास्टिंग बनवायच्या कारखान्यात) काढली, त्यातली शेवटची ९ मेथडिंगला, म्हणजे पॅटर्न (ज्यावरनं वाळूचा साचा पाडतात तो नमुना) बनायच्या आधी रायझर (गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा) कुठं द्यायचा, इनगेट (धातू साच्यात शिरायचं तोंड) केवढा ठेवायचा, चिल (तिथला धातू लवकर गार करणारा तुकडा) लावायचा का, हे ठरवायचं काम. मागच्या वर्षी नोकरी सोडून हेच काम स्वतःच्या नावानं सुरू केलं आणि पहिल्या महिन्यातच कळलं की कंपनीच्या गेटबाहेर मला कोण ओळखतच नाही. उद्यमनगरातले दोन-तीन पॅटर्नशॉपवाले सोडले तर फोन लावायला नंबर नव्हता. आपल्याकडं काम मिळतं ते 'हा कुणाचा कोण' यावर, आणि बेळगाव, राजकोट, कोइमतूरच्या फाउंड्रीवाल्याला मी कुणाचा कोण हे कसं कळणार?

लिंक्डइनवर अकाउंट होतं, नुसतं पडून. मग बसलो आणि दिसेल त्या प्लांट हेडला, परचेसवाल्याला एकच मेसेज कॉपी करून दीडेकशे रिक्वेस्ट पाठवल्या. बऱ्याच तशाच पेंडिंग राहिल्या, ज्यांनी घेतल्या त्यांनी पुढं उत्तर दिलं नाही. महिनाभर मन खट्टू झालं होतं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीला पुतणी आली, ती पुण्यात एचआरमध्ये आहे. प्रोफाइल बघून म्हणाली, "काका, नावाखाली नुसतं प्रोप्रायटर लिहिलंय, त्यावरनं काय कळणार? तुम्ही करता काय ते लिहा की." त्या हेडलाइनमध्ये २२० अक्षरं बसतात हे मला माहीतच नव्हतं. एसजी आणि ग्रे आयर्न (बिडाचे दोन प्रकार) कास्टिंगचं मेथडिंग करतो, श्रिंकेजचं (धातू गोठताना आकसून आत पोकळी राहते त्याचं) रिजेक्शन कमी करून देतो, असं सरळ लिहिलं. तिनंच सांगितलं की रिक्वेस्टी बंद करा, आधी ग्रुपमध्ये जाऊन बोला.

११ ग्रुप जॉइन केले, ८ सोडले. माझी पद्धत अशी की मागच्या महिन्याभराच्या पोस्ट खाली-खाली सरकवत बघायच्या, सगळ्या जाहिराती आणि वेबिनारची पोस्टरं असतील आणि खाली एक पण कमेंट नसेल तर तिथं थांबण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप पण ठेवले, पण तिथं चांगलं उत्तर लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत शंभर मेसेजखाली जातं. मग ठरवलं की दोन महिने स्वतःच्या कामाची जाहिरात अजिबात टाकायची नाही, रोज रात्री जेवण झाल्यावर एका तरी प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं.

पहिलं खरं उत्तर घडलं ते एका हबच्या फोटोवरनं. राजकोटच्या एकानं एसजीचा हब टाकला होता, ड्रिल मारल्यावर आत पोकळी निघालेली. खाली सगळे म्हणत होते ब्लोहोल (गॅसचं भोक) आहे, वाळूतलं मॉइश्चर कमी करा. मी फोटो मोठा करून बघितला तर आतला पृष्ठभाग खडबडीत, बारीक काटेरी दिसत होता आणि पोकळी बरोबर जाड सेक्शनमध्ये. गॅसचं भोक आतनं गुळगुळीत असतं, हे श्रिंकेज होतं. मी लिहिलं की आधी मोल्डची (वाळूच्या साच्याची) हार्डनेस तपासा, कारण एसजी गोठताना ग्रॅफाइट तयार होऊन फुगतं, मोल्ड कडक असला तर ते फुगणंच आतली जागा भरून काढतं आणि मऊ असला तर भिंत बाहेर सरकते आणि आत पोकळी राहते. पाच कास्टिंग वजन करून बघा, भिंत सरकली असेल तर वजन जास्त भरेल. दोन दिवसांनी त्यानं पाचही वजनं तिथंच टाकली, पाचही जास्त! त्या दिवशी मला लई भारी वाटलं.

त्यानंतर जे मेसेज आले ते ग्रुपमध्ये कधी एक शब्द न बोललेल्या लोकांचे होते, गप वाचणारेच जास्त असतात हे तेव्हा लक्षात आलं. आता मी रिक्वेस्ट पाठवतो ती पण दोन ओळी लिहूनच, कुठल्या चर्चेत भेट झाली ते सांगून, आणि बहुतेक जण घेतात.

एक मात्र जपा. कास्टिंगचा फोटो टाकताना कस्टमरचा लोगो, पार्ट नंबर, हीट नंबर (भट्टीतल्या कुठल्या वितळीतला धातू तो नंबर) झाकाच. मी एकदा घाईत तसाच टाकला आणि तासाभरात त्यांच्या परचेसमधनं फोन आला. फोटो काढला, माफी मागितली, पण तो विश्वास परत बसायला वेळ गेला. ड्रॉइंग तर कुणी कितीही मागितलं तरी ग्रुपवर टाकायचं नाही.

त्या गप वाचणाऱ्यांतले एक बेळगावचे होते, चार महिन्यांनी स्वतः गाडी घेऊन आले, डिकीत गोणपाटात गुंडाळलेला पंप बॉडीचा तुकडा. म्हणाले, "तुमचं ते हबचं उत्तर मी आमच्या मोल्डिंगच्या पोरांना वाचून दाखवलंय." उद्यमनगरात बँडसॉवर कापला आणि चहा घेत दोघांनी तासभर बघितला. त्यांच्या तीन पॅटर्नचं गेटिंग (धातू साच्यात जायच्या वाटा) मी करून दिलंय, येत्या सोमवारी त्यांचा सँड प्लांट बघायला बेळगावला जायचंय.