एक्सेलमध्ये दोन नावं, एमसीएवर तीन

मी बडोद्यात एका छोट्या फंडात काम करते. टेक्नॉलॉजीच्या अगदी नवीन कंपन्यांत पहिले पैसे आम्ही घालतो, आणि टर्म शीटवर, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींच्या कागदावर, सह्या झाल्यापासून पैसे बँकेतून जाईपर्यंत सगळे कागद तपासायचं काम माझ्याकडे. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पिच ऐकत बसतो, पण माझा अर्धा दिवस फाइली उपसण्यातच जातो.

गेल्या पावसाळ्यात कलाभवनमधून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून, शिकून निघालेल्या पोरांची एक कंपनी आली होती. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला लोहचुंबकाने चिकटवायची एक डबी बनवतात, ती तेलाचं तापमान घेते आणि गुणगुण ऐकते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची म्हणून ट्रान्सफॉर्मर 100 हर्ट्झवर गुणगुणतो, आत काही सैल झालं की तो आवाज बदलतो, आणि मकरपुरा जीआयडीसीतले कारखाने या डबीला चक्क महिन्याचे पैसे मोजत होते. मला मनापासून आवडलेली कंपनी. आमचे पैसे यायच्या आधी कंपनीची किंमत (प्री-मनी) 8 कोटी धरली, आमचे 2 कोटी, म्हणजे 20 टक्के आमचे.

त्यांच्या एक्सेलमध्ये 10,000 शेअर्स दोघांत वाटलेले होते, एक सेल्स बघणारा आणि एक सॉफ्टवेअर करणारी. मी नेहमीप्रमाणे एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर 100 रुपये भरून कंपनीने भरलेले रिटर्न्स काढले, तर शेअरहोल्डरच्या यादीत तीन नावं. 4,000, 3,000, 3,000.

फोन केला तर सेल्सवाला म्हणतो, "अहो तो केव्हाच सोडून गेला, डायरेक्टरशिपचा राजीनामाही झालाय, शेअर्स परत देतो म्हणाला होता." कुठे म्हणाला? तोंडी. कागद? नाही. त्यांनी लपवलं असं मला नाही वाटलं, त्यांच्या मनातून तो माणूस खरंच गेलेला होता, पण शेअर्स मनातून जात नसतात.

आता हा 30 टक्केवाला किती ठिकाणी आडवा येऊ शकतो बघा. आमचे पैसे घ्यायला शेअरहोल्डरांचं स्पेशल रिझोल्यूशन, म्हणजे विशेष ठराव, लागतो, त्यात बाजूची मतं विरोधाच्या निदान तिप्पट हवीत, आणि 70 ला 30 म्हणजे तिप्पट होत नाही, त्याने नुसतं नाही म्हटलं की सगळं थांबलं. वर डबीतलं फर्मवेअर, म्हणजे डबी चालवणारा प्रोग्रॅम, त्यानेच लिहिलेलं, कराराशिवाय, म्हणजे कॉपीराइट त्याचा. सेल्सवाल्याने घाईघाईत एक पानी असाइनमेंट, म्हणजे कॉपीराइट कंपनीच्या नावावर करायचा कागद, करून पाठवली त्यात मुदत आणि प्रदेशच लिहिला नव्हता, आणि तसं असलं की कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. ती मी तिथल्या तिथे बाजूला ठेवली.

आमच्या फंडाचे सर म्हणाले, "त्याला एक टक्का दे, सह्या घे, नाहीतर आपण बाहेर." मी म्हटलं सर, आधी भेटून येते.

शनिवारी सकाळी दांडिया बाजारात त्या तिसऱ्याच्या घरी गेले. सॉफ्टवेअरवाली बरोबर आली, सेल्सवाला नाही आला, त्याच्या डोक्यात अजून राग होता की ऐन अडचणीत हा पळाला. अंधारा जिना, दुसरा मजला, दारातच काठी टेकून वडील उभे. त्यांना पक्षाघात झाला म्हणूनच मुलाने कंपनी सोडून एका कारखान्यात नोकरी धरली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. काकूंनी चहा आणि लीलो चेवडो पुढे केला. कपाटावरच्या बिस्किटाच्या डब्यातून त्याने पहिला बोर्ड काढून दाखवला, सोल्डरिंग ओबडधोबड, एक वायर वरून फिरवून जोडलेली, मागे मार्करने तारीख.

वडील बँकेतून रिटायर झालेले. ते थेट म्हणाले, "तुम्ही एक शेअर 8,000 ला घेताय ना? मग माझ्या मुलाचे 2 कोटी 40 लाख होतात. आणि त्याचे शेअर्स परत घ्यायच्या तुमच्या कागदावर 112 रुपये लिहिलेत."

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, काका, आमचे 8,000 आहेत ते प्रेफरन्स शेअर्सचे, उद्या कंपनी 2 कोटींना विकली तर ते सगळे आधी आम्हाला जातात आणि या तिघांच्या हातात शून्य येतं. 112 ही कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकातली एका शेअरची किंमत, सीएने काढलेली, आणि ट्रान्सफर पैसे यायच्या आधीच व्हायला हवी कारण 2 कोटी जमा झाले की पुस्तकातली किंमत चढते, मग त्याहून कमी भावात दिले तर देणाऱ्यावरही टॅक्स आणि घेणाऱ्यावरही. पण किती शेअर्स द्यायचे हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते तुमच्या मुलाने जेवढं काम केलंय तेवढे त्याच्याकडेच राहिले पाहिजेत.

मग वहीचं पान फाडून हिशेब मांडला. पहिल्या दिवशी चार वर्षांचं वेस्टिंग, म्हणजे जितके महिने काम तितके शेअर्स पक्के, असं लिहिलं असतं तर 48 महिन्यांत 3,000 शेअर्स कमावले गेले असते. तो 14 महिने होता, म्हणजे 875. तो मुलगा पान बघत म्हणाला, "ताई, मला चालेल, मी सोडूनच गेलो होतो."

तेव्हा सॉफ्टवेअरवाली बोलली, तोवर ती गप्पच होती. म्हणाली, "14 नाही, 16. काका आयसीयूत होते तेव्हा तू बाकावर बसून करत होतास ते विसरलास?" तिने लॅपटॉप उघडून गिटचा लॉग, म्हणजे कुणी कोड कधी बदलला त्याची नोंद, माझ्यापुढे केला. त्या दोन महिन्यांतल्या त्याच्या नावाच्या नोंदी, वेळा रात्री 1:50, 2:40, 3:15. वडिलांनी चष्मा लावून त्या तारखा वाचल्या आणि मुलाकडे बघितलं, त्यांना हे माहीतच नव्हतं. खोलीत कुणी काही बोललं नाही, काकू तेवढ्या आत गेल्या.

16 महिन्यांचे 1,000 शेअर्स होतात. आमचे पैसे आल्यावर एकूण 12,500, म्हणजे 8 टक्के त्याचे. उरलेले 2,000 दोघांना हजार-हजार, 112 च्या भावाने 2,24,000 रुपये त्याला मिळणार.

त्या दिवशी मी सही घेतली नाही. कागद ठेवले, म्हटलं तुमच्या ओळखीच्या सीएला दाखवा, न पटलं तर मला फोन करा. खाली उतरून सुरसागर तलावाच्या पाळीवर बसून सरांना फोन लावला. "8 टक्के?" ते जरा मोठ्यानेच म्हणाले. मी लॉगचं सांगितलं, आणि हेही की एक टक्क्यावर सही घेतली असती तर या मुलाने फर्मवेअर समजावून द्यायला पुन्हा कधी फोन उचलला नसता. सर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "असाइनमेंट नीट कर. कायमची, जगभरासाठी." सेल्सवाल्याला समजावणं जास्त जड गेलं, त्याला दोन रात्री लागल्या.

बुधवारी पुन्हा त्याच खोलीत एसएच-4, म्हणजे शेअर ट्रान्सफरचे फॉर्म, भरले. स्टॅम्प ड्यूटी दोन्ही मिळून जेमतेम 34 रुपये. सेल्सवाला या वेळी आला होता, आल्या आल्या काकांच्या पाया पडला. फॉर्मवर शेअर्स देणाऱ्याच्या सहीला साक्षीदार लागतो, मी ऑफिसातून एकाला बोलावणार होते, पण काका म्हणाले मी करतो. उजवा हात नीट चालत नव्हता, डाव्याने धरून सावकाश सही केली, मग विचारलं, "पत्ता पण इथेच लिहायचा ना?"