घरच्या सर्व्हरची नोंद: मॅकची फाईल विंडोजवर सेव्ह का होईना

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानातला सर्व्हर आता बरा चालतोय. यंत्र तेच जुनं: एक निवृत्त डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, 4 टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, फाईल सिस्टीम ईएक्सटी4. बेळगावचा पाऊस सुरू झाला की वीज लपंडाव खेळते, म्हणून यूपीएस जोडला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. या वेळचा विषय परवानग्या, म्हणजे कुठली फाईल कुणी वाचायची आणि कुणी बदलायची.

आधी मांडणी सांगतो. खाली काउंटरवर दादाचा विंडोज संगणक, त्यावर पत्रिका मांडायचा कोरलड्रॉ. शेजारच्या विंडोजवर कन्नड मजकूर बसवणारा मुलगा. वर भाचा मॅकवर फोटो निवडतो. मी लिनक्सवाला. इकडच्या बऱ्याच लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यामुळे एकच काम चौघांच्या हातून जातं. सगळ्यांची खाती सर्व्हरवर आहेत आणि सगळे ‘छपाई’ नावाच्या एकाच ग्रुपमध्ये. फोल्डर सांबातून उघडतो; सांबा म्हणजे लिनक्सवरचा फोल्डर विंडोज आणि मॅकला नेटवर्कवरून दाखवणारा प्रोग्राम.

तक्रार अशी, की भाच्यानं ठेवलेली फाईल खाली उघडायची, पण त्यात बदल करून ठेवता यायचा नाही. दादा म्हणाला, “उघडतंय, दिसतंय, पण सेव्ह होईना की.” तो मुलगा पलीकडून, “सेव्ह आगवल्दु री,” म्हणजे कन्नडात तेच. गंमत म्हणजे तीच फाईल डिलीट मात्र व्हायची! विंडोजच्या सवयीनं बघितलं तर हे उलटंच वाटतं. पण युनिक्सच्या पद्धतीत फाईल पुसण्याचा हक्क फाईलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर असतो. फोल्डरवर ग्रुपला लिहायची मुभा होती, फाईलवर नव्हती. काही प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाईल बनवून जुनीच्या जागी नाव बदलून ठेवतात. त्यांचं काम याच कारणानं होऊन जातं आणि फाईलीचा मालक गुपचूप बदलतो. जे प्रोग्राम आहे त्याच फाईलवर लिहितात, ते अडतात. म्हणून ‘कधी होतंय, कधी नाही’ असं वाटतं.

अशा वेळी कुणालाही विचारलं की पहिला सल्ला मिळतो, 777 करा. हे तीन आकडे मालक, ग्रुप आणि इतर यांचे हक्क: 7 म्हणजे सगळं मोकळं, 6 वाचणं-लिहिणं, 4 नुसतं वाचणं, 0 काहीच नाही. हा अंगारा मी लावत नाही. तो फक्त आत्ता असलेल्या फाईलींना लागतो, उद्याची नवी फाईल पुन्हा जुन्याच चालीवर. शिवाय सर्व्हरवरच्या कुठल्याही खात्याला गिऱ्हाइकांचे फोटो मोकळे होतात, ते वेगळंच.

मी काय केलं ते क्रमानं. फोल्डरांना 2770, फाईलींना 660. सुरुवातीचा 2 महत्त्वाचा: त्यामुळे आत जन्मणाऱ्या प्रत्येक फाईलीचा ग्रुप फोल्डरवरून येतो, बनवणाऱ्याच्या मूळ ग्रुपवरून नाही. सांबात ‘फोर्स ग्रुप’ आहेच, पण तो फक्त सांबातून येणाऱ्यांना लागू. मी एसएसएचवरून, म्हणजे सांबा टाळून थेट सर्व्हरवर शिरून, काही टाकलं तर उपयोग शून्य. मग सांबाचं ‘क्रिएट मास्क’ हे सेटिंग. याची मूळ किंमत 0744, म्हणजे ग्रुपचा लिहिण्याचा हक्क तिथंच कापला जातो. तो 0660 केला आणि ‘फोर्स क्रिएट मोड’ही 0660. मास्क नको ते कापतो, फोर्स हवं ते चिकटवतो, दोन्ही लागतात. फोल्डरांसाठीच्या अशाच दोन ओळींत (‘डिरेक्टरी मास्क’ आणि ‘फोर्स डिरेक्टरी मोड’) 2770.

विंडोजच्या दोन्ही संगणकांचं भांडण इथं मिटलं. मॅकचं नाही. भाच्याची फाईल 660 ला जन्मायची आणि बघता बघता 644 व्हायची. सेटिंगा बरोबर, तरी निकाल चूक. कारण मॅकसाठी सांबात ‘फ्रूट’ नावाचं मॉड्यूल लावतात, आणि त्यातून मॅकला थेट युनिक्सचे परवानगी-आकडे वाचता आणि बदलता येतात. मॅक आपल्या सवयीचा 644 नंतर वरून लावतो. मास्क आणि फोर्स फाईल जन्मताना बघतात, नंतरच्या बदलाला ते अडवत नाहीत. उपाय एका ओळीचा: ‘फ्रूट: एनएफएस एसेस’ हा पर्याय ‘नो’. तो सांबाच्या सेटिंग फाईलीतल्या ग्लोबल, म्हणजे सगळ्यांना लागू असलेल्या, भागात लिहायचा. एखाद्या शेअरखाली (सांबातून उघडलेल्या एकेका फोल्डरखाली) लिहिला तर चालत नाही. मग सगळ्या मॅकनी नव्यानं जोडणी करायची. फ्रूट लावायचंच तर सगळ्या शेअरना एकसारखं लावा, एकाला आहे एकाला नाही असं नको.

जुन्या फाईली ‘फाइंड’ या शोधायच्या आज्ञेनं सरळ केल्या, फोल्डर वेगळे आणि फाईली वेगळ्या. एकाच फटक्यात सगळ्यावर ‘सीएचमॉड’ (परवानगी बदलायची आज्ञा) एकाच आकड्यानं चालवलात तर एकतर फाईली चालवण्याजोग्या होतात नाहीतर फोल्डर बंद पडतात.

एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर उघडण्याची युनिक्सची पद्धत, याबद्दल मत बदललं. लिनक्ससाठी तोच चांगला असं ऐकत आलो होतो, पण नेहमीच्या जोडणीत तो खात्याचं नाव बघत नाही, नंबर बघतो. डेबियनवर पहिलं खातं 1000, मॅकवर पहिलं 501. सर्व्हरवर 1000 म्हणजे दादा, माझ्या लॅपटॉपवर 1000 म्हणजे मी. परिणामी माझ्या फाईली दादाच्या नावावर चढतात. नंबर सगळीकडे जुळवता येतात, पण चार संगणकांसाठी एवढा खटाटोप कशाला? शिवाय एकच फोल्डर दोन वाटांनी लिहिता ठेवला की फाईल-लॉकचा (एकानं उघडलेली फाईल दुसऱ्यानं बदलू नये म्हणून लागणाऱ्या कुलपाचा) घोळ आलाच. एनएफएस आता टीव्हीच्या पेटीसाठी, फक्त वाचायला.

मराठी नावांबद्दल एक. भाच्याच्या जुन्या एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाईल सिस्टीम) डिस्कवरून कॉपी केल्यावर ‘वऱ्हाडी’ नावाचे दोन फोल्डर दिसू लागले, अक्षर न् अक्षर सारखे. ती डिस्क ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता असा ठेवते, बाकीचे सलग एकच अक्षर ठेवतात. ईएक्सटी4 ला ती दोन वेगळी नावं. आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामचा ‘आयकॉन्व्ह’ पर्याय ‘यूटीएफ-8-मॅक’ वरून ‘यूटीएफ-8’ असा दिला की नावं जुळतात.

दुकानात पेनड्राइव्हऐवजी लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांसाठी ‘आवक’ फोल्डर ठेवलाय, 3770 वर: त्यातलं पुसायचा हक्क ज्यानं टाकलं त्याला, शिवाय फोल्डरच्या मालकाला. पाहुण्यांना पासवर्डाविना आत घेण्याचा विचार सोडला. विंडोज 11 प्रोची 24एच2 आवृत्ती अशी गेस्ट जोडणी मूळ सेटिंगमध्येच नाकारू लागली आहे, म्हणून ‘पाहुणा’ नावाचं साधं खातं काढलं आणि त्याला फक्त ‘आवक’ दाखवलं. पुढच्या खेपेला सांबाचं रिसायकल मॉड्यूल, पुसलेली फाईल बाजूला जपून ठेवणारं. दादा डिलीट दाबताना फारसा विचार करत नाही.