हिशेब खात्यातून लोड कंट्रोलमध्ये

बरीच वर्षं मी हिशेब खात्यात काढली आणि आता विमानांच्या लोड कंट्रोलमध्ये काम करते. क्षेत्र बदलायचं म्हणून माझ्याकडे चौकशी करणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरून येतात: विमान क्षेत्रात शिरायचं तर पायलट व्हायचं किंवा केबिन क्रू, आणि पस्तिशी उलटली की दोन्ही दारं बंद. जमिनीवरच्या कामाचं दार मात्र चांगलं मोठं आहे, आणि दुसरीकडे काम करून आलेल्यांना तिथे किंमतही आहे.

मी आधी नुसती कामं समजून घेतली. रॅम्पवरची, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवरची माणसं विमानाशेजारी उभी राहून सामान, इंधन, पुशबॅक (विमान मागे ढकलून बाहेर काढणं) यांचा मेळ घालतात. डिस्पॅचर उड्डाणाचा मार्ग, हवामान, इंधन आणि पर्यायी विमानतळ यांचं नियोजन करतो. लोड कंट्रोलर वजन किती आणि कुठे, हे ठरवतो. डिस्पॅचरच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात किमान वय २१ दिलंय, कमाल वय दिलेलं नाही. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी २३ पूर्ण लागतात, आणि तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांत उड्डाणाच्या नियोजनाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची मिळून असते. हे वाचून मन डिस्पॅचकडे ओढलं जात होतं. पण माझा हात आकड्यांवर बसलेला, म्हणून सुरुवात लोड कंट्रोलपासून केली. त्याचं प्रशिक्षण बहुतेक वेळा कंपनीतच होतं. बाहेरचा कोर्स करणार असाल, तर पैसे भरण्याआधी ते प्रमाणपत्र कोण देतं आणि नोकरी देणारे ते मानतात का, हे थेट नोकरी देणाऱ्यांनाच विचारा. कोर्सच्या जाहिरातीवर जाऊ नका.

वर्गात पहिल्याच दिवशी घड्याळ बदललं. सगळं काम यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत चालतं. रात्रपाळीत तारीख कधी पालटते, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण खरा विषय होता वजन आणि समतोल. हिशेबात रकमेची बेरीज जुळली की काम झालं. इथे बेरीज जुळूनही विमान चुकीचं भरलेलं असू शकतं. तेच हजार किलो पुढच्या होल्डमध्ये (सामानाच्या कप्प्यात) ठेवले तर गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, पुढे सरकतो, मागे ठेवले तर मागे. तो फार पुढे गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक उचलायला जड जातं आणि इंधनही जास्त जळतं. फार मागे गेला तर विमान अस्थिर होतं. म्हणून प्रत्येक विमानाला दोन्ही बाजूंनी मर्यादा आखून दिलेल्या असतात, आणि लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाच्या कागदावर सही करणारा त्या मर्यादांची हमी देत असतो.

प्रशिक्षक मॅडमनी ८ जानेवारी २००३ चा अमेरिकेतल्या शार्लट इथला अपघात आमच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतला. छोटं, दोन पंख्यांचं बीचक्राफ्ट विमान उड्डाण करताच कोसळलं आणि त्यातले सगळे २१ जण गेले. मागच्या शेपटीच्या नियंत्रणाची जोडणी देखभालीत चुकली होती, आणि गुरुत्वमध्यही मर्यादेच्या मागे गेला होता. कागदावर मात्र सगळं नियमात बसत होतं, कारण प्रवाशांची जी सरासरी वजनं धरायची पद्धत होती, ती प्रत्यक्षापेक्षा कमी होती. त्यानंतर ती वजनं वाढवण्यात आली. आकडा कुठून आला हे विचारण्याची सवय हिशेब खात्यानेच लावली होती. इथे ती अक्षरशः जीव वाचवते, हे त्या दिवशी कळलं.

परीक्षेपेक्षा जास्त दमवलं ते पार्श्वभूमी पडताळणीने. विमानतळाच्या आतल्या भागाचा पास मिळण्यासाठी मागच्या काही वर्षांचा शिक्षण-नोकरीचा सलग तपशील लागतो. मधे खंड असेल तर त्याचा पुरावा द्यावा लागतो. माझ्या एका जुन्या कार्यालयाने अनुभवपत्र द्यायला इतका वेळ लावला, की प्रशिक्षण संपूनही मी पासासाठी ताटकळत राहिले. कळकळीने सांगते, राजीनामा द्यायच्या आधी सगळ्या जुन्या नोकऱ्यांची पत्रं हातात घ्या.

पास मिळाला की मग अनुभवी माणसाच्या शेजारी बसून खऱ्या विमानांवर काम. सुरुवातीच्या एका रात्री दार बंद व्हायला काही मिनिटं उरली असताना गेटवरून निरोप आला: एक प्रवासी आलेला नाही, बॅग मात्र होल्डमध्ये गेलीय. ती काढायची की नाही, हा प्रश्नच नसतो. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क आयर्लंडजवळ समुद्रात पडलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. प्रवासी नाही तर बॅगही नाही, या नियमामागे तो इतिहास आहे.

रॅम्पवरच्या सहकाऱ्याला टॅगचे शेवटचे आकडे सांगितले. बॅग मागच्या होल्डमध्ये, आणि ते होल्ड छतापर्यंत भरलेलं. बेल्ट लोडर परत लावला, लोडर मुलं गुडघ्यांवर आत सरकली आणि एकेक बॅग हातात घेऊन टॅग वाचू लागली. रेडिओवर कॅप्टनने शांतपणे विचारलं, "किती वेळ?" शेजारचे सीनियर मला म्हणाले, "वेळ सांगू नका, स्थिती सांगा." मी स्थिती सांगितली. बॅग सापडली, बाहेर आली. मग प्रवासी एक कमी, बॅग एक कमी, नवीन वजन, नवीन ट्रिम (समतोलाचा आकडा). मर्यादा पुन्हा तपासून सुधारित आकडे कॅप्टनला वाचून दाखवले, त्यांनी ते परत वाचले. विमान उशिरा निघालं. उशिराचा कोड नोंदवला आणि लगेच पुढचं विमान हातात घेतलं.

या कामात घाई आणि काळजी एकाच वेळी लागतात. ज्यांनी आधी दुकान, रुग्णालय, गोदाम, कारखाना असं काही सांभाळलंय, त्यांना हे लवकर जमतं असं मी पाहिलंय. पाळ्या मात्र कठीण आहेत. सणवार, पहाट, रात्र काही सुटत नाही, आणि घरच्यांशी त्याबद्दल आधी नीट बोलून घ्यावं लागतं. शिकणंही चालूच राहतं. धोकादायक मालाचं प्रशिक्षण दर २४ महिन्यांनी नव्याने करावं लागतं.

आता मी डिस्पॅचच्या परवान्याचा अभ्यास सुरू केलाय. मेटार आणि टॅफ, म्हणजे विमानतळाच्या सध्याच्या हवामानाचा अहवाल आणि पुढचा अंदाज, वाचता येतात, सध्या हवामानशास्त्राचं पुस्तक चालू आहे. पाळी संपली की त्याची थोडी थोडी पानं उरकते.