नमुना तापायच्या आत

रविवार, मस्कत (ओमान)

इथला आठवडा रविवारी सुरू होतो, शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणजे कागदपत्रांची धावपळ आजच. पाण्याचे आणि खडकांचे नमुने देशाबाहेर न्यायचे तर परवानगी आधी हातात हवी, विमानतळावर गयावया करून उपयोग नाही. पाण्याच्या नमुन्यात घालायचं नायट्रिक आम्ल विमानातल्या सामानात चालत नाही, त्यामुळे ते यजमान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून घ्यायचं. अतिशुद्ध प्रतीचं, टेफ्लॉनच्या ड्रॉपर बाटलीत, ती बाटली दुसऱ्या बंद डब्यात, आणि डबा गाडीत माणसांपासून लांब.

गाडी फोर बाय फोर, स्टेपन्या दोन. वादीतले, म्हणजे कोरड्या नदीपात्रातले, धारदार दगड टायरची बाजू कापतात, आणि बाजू फाटली की पंक्चर काढून भागत नाही. बूट शिवलेल्या तळव्याचे हवेत. नुसत्या चिकटवलेल्या तळव्यांचा गोंद तापलेल्या कातळावर सुटतो आणि तळवा चालता चालता लोंबायला लागतो.

सोमवार, समाईल खोऱ्यातून इब्राकडे

सह्याद्रीत तयार झालेल्या डोळ्यांना इथे काही उमगत नाही. आपल्याकडे बेसाल्टचे आडवे थर, खालून वर मोजत जावं. इथले डोंगर तपकिरी-काळे, ना थर, ना झाड. समाईल ओफिओलाइट म्हणजे सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ, खालच्या प्रावरणासकट अरबी भूखंडावर चढलेला, जवळपास ५०० किलोमीटर लांबीचा पट्टा. दख्खनखाली पस्तीस-चाळीस किलोमीटर खोल असलेल्या प्रावरणावर इथे चक्क गाडी उभी करता येते.

हा खडक म्हणजे पेरिडोटाइट. त्याला भूपृष्ठावरचं हवापाणी मानवत नाही. त्यातलं ऑलिव्हिन हे खनिज पाण्याशी क्रिया करून सर्पेंटाइन हे दुसरं खनिज बनतं, लोहाचं ऑक्सिडीकरण होताना हायड्रोजन सुटतो, मॅग्नेशियम खडकात अडकतं आणि पाण्यात उरतात कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड. असं पाणी झऱ्यातून वर येतं तेव्हा त्याचा पीएच ११ च्या वर असतो, कधी १२ च्या जवळ. हात बुडवला तर साबणासारखं बुळबुळीत लागतं. पिऊ नये, आणि संरक्षक चष्म्याशिवाय त्यावर वाकू नये.

मंगळवार, वादी तायीनमधला झरा

डबक्याचं पाणी दुधाळ निळं. वर कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, पातळ पापुद्रा, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते तसा. पाण्यात कार्बन जवळजवळ नाही, म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला रे मिळाला की कॅल्शियम त्याला धरून बसतं. पापुद्रा मोडला की खाली बुडतो आणि नवा धरायला लागतो. आणि जे पृष्ठभागावर होतं तेच बाटलीतही होतं. इथल्या सगळ्या कामाची गोम एवढीच आहे. नमुना उघडा राहिला किंवा तापला, तर प्रयोगशाळेत पोचतं ते वेगळंच पाणी.

म्हणून डबक्यातून भरायचं नाही. बुडबुडे जिथून येतात त्या तोंडाशी नळी खोचायची आणि ६० मिलिलिटरच्या सिरिंजने सावकाश ओढायचं. जोरात ओढलं की हवा शिरते. पहिल्या दोन सिरिंज धुण्यापुरत्या, त्या ओतायच्या झऱ्याच्या खालच्या अंगाला. मग ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर. तो लवकर तुंबतो, कारण पांढरे कण पाण्यातच तयार होत असतात. तुंबल्यावर जोर लावला तर पडदा फाटतो आणि ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा नवा लावावा, काटकसर करू नये.

धन आयनांच्या ६० मिलिलिटरच्या बाटलीत आम्लाचे दोन थेंब. इतर पाण्यांना एक पुरतो. इथे पाण्यातला अल्कच थोडं आम्ल खाऊन टाकतो, म्हणून पीएच २ च्या खाली गेल्याची पट्टीने खात्री करायची. ऋण आयनांच्या बाटलीत आम्ल अजिबात नको, नाहीतर नायट्रेटचा आकडा आपणच घातलेला असेल. विरघळलेल्या कार्बनसाठी काचेचीच बाटली, काठोकाठ, बुडबुडा न ठेवता. प्लास्टिकमधून कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो.

आता पीएच मीटर. ७ आणि १० च्या बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणावर, जुळवून इथे भागत नाही, वरच्या टोकाला १२.४५ चा हवा. शिवाय २५ अंशांना १०.०१ असलेला बफर ४० अंशांना ९.८९ असतो. म्हणून बफरच्या बाटल्या आधी झऱ्याच्या पाण्यात बुडवून त्याच तापमानाला आणायच्या. मीटरवर तापमानाची आपोआप दुरुस्ती असते, असं म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. ती दुरुस्ती इलेक्ट्रोडची असते, पाण्याची नव्हे. २५ अंशांना ११.७ दाखवणारं पाणी ३५ अंशांना साधारण ११.४ दाखवतं, त्यातला हायड्रॉक्साइड तेवढाच असताना. वहीत पीएचच्या शेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा खोडून टाकावा.

लेबल पेन्सिलीने, कापडी पट्टीवर, झाकणावर आणि बाटलीच्या अंगावर दोन्हीकडे. मार्करची शाई घामाने आणि आम्लाने जाते.

बुधवार, तिथेच

पहाटे साडेपाचला सुरुवात, अकराला थांबायचं. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला इथे कायद्यानेच बंदी आहे. आत्ता एप्रिल अखेर आहे, पण दुपारी कातळाला हात लावून पाहिला की तोच नियम पाळावासा वाटतो. किनाऱ्यावर घामाने कपडे चिंब होतात, तिथे निदान कळतं तरी. आतल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधी उडून जातो, म्हणून तहानेवर विसंबायचं नाही, लघवीचा रंग बघायचा. ओआरएसचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात, अंदाजाने अर्ध्या बाटलीत नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर आधी सावली, ओले कपडे, वारा, आणि लगेच ९९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन. नमुने राहिले तर राहिले.

गावातल्या फलजचं पाणी, म्हणजे पाटाचं, वेगळंच प्रकरण. इथले पाच फलज २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. उगमाशी पिण्याचं पाणी, मग मशीद आणि आंघोळीच्या जागा, शेवटी खजुराच्या बागा, असा क्रम. त्यात सिरिंज विसळणं म्हणजे कुणाच्या तरी हंड्यात हात घालणं. आधी सलाम, मग परवानगी, मग बाटली. कहवा देतीलच. पुरे झाला की कप हलवून परत द्यायचा, नाहीतर भरतच राहतात. टपरीवर मात्र हिंदी चालते, आणि केरळी पराठ्याबरोबर कडक चहा मिळतो.

गुरुवार, परतीचं आवरणं

डोंगरावर ढग दिसले की वादीतून गाडी बाहेर काढायची, डोक्यावर ऊन असलं तरी. पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि लोंढा कोरड्या पात्रात येतो. एप्रिल २०२४ मध्ये याच भागात, समद अल-शानला, शाळकरी मुलं वाहून गेली. वाहती वादी ओलांडणं इथे गुन्हा आहे. तंबूही पात्रात नाही, वरच्या सपाटीवर.

शीतपेटीतला बर्फ वितळून लेबलं भिजतात, म्हणून प्रत्येक बाटली दोन झिपच्या पिशव्यांत. वायूच्या नमुन्यांच्या कुप्या रबरी बुचावर उलट्या उभ्या करायच्या, म्हणजे आतलं पाणी बुचाशी येतं आणि हायड्रोजन निसटायची वाट अडते. कुप्यांच्या मधल्या फटींत मोजे कोंबले की वादीच्या खडखडाटात काच वाजत नाही.